युनिक्स टर्मिनल सर्व्हरसाठी मल्टीपोर्ट सीरियल कार्ड: कोणतं घ्यावं?

दोरीवाला (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न जुन्या वळणाचा आहे, पण गरज आजचीच आहे.

पुण्यात एका छोट्या वर्गात नेटवर्किंग शिकवतो. लॅबमध्ये १२ राउटर आणि ८ स्विच, म्हणजे २० डबे. प्रत्येकाला कन्सोल पोर्ट, म्हणजे सेटिंग करायचं सीरियल भोक. सध्या मुलं लॅपटॉप आणि निळी केबल घेऊन रॅकच्या मागे शिरतात, एकाची केबल उपसून दुसऱ्यात खुपसतात. मागच्या आठवड्यात एकाने केबल ओढताना शेजारच्या राउटरची पॉवरच काढली आणि दुसऱ्या गटाची दोन तासांची मेहनत गेली. सेव्ह केलं नव्हतं, हे वेगळं.

आता ठरवलंय की एक जुना डेस्कटॉप घ्यायचा, त्यावर डेबियन (लिनक्स) किंवा फ्रीबीएसडी (युनिक्सचा भाऊबंद) टाकायचं, सगळे कन्सोल त्याला जोडायचे आणि मुलांनी आपापल्या जागेवरून एसएसएचने (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन) आत यायचं. तयार कन्सोल सर्व्हर बजेटमध्ये बसत नाही. मशीनमध्ये दोन साधे पीसीआय स्लॉट आणि एक पीसीआय एक्सप्रेस एक्स-१ मोकळा आहे.

भंगारवाल्याकडे एक जुनं १६ पोर्टचं 'इंटेलिजंट' कार्ड दिसलं, स्वतःचा प्रोसेसर असलेलं. अगदी स्वस्तात देतोय. घ्यावं का? की साधी ८ पोर्टची दोन कार्डं घेऊ? की यूएसबीच्या माळा लावून मोकळं व्हावं?

---

गप्प_बसा

इंटेलिजंट कार्ड भंगारात आणि आपण नोकरीत. काळाचा महिमा.

---

अर्धवट_अभियंता

यूएसबी घ्या आणि झोपा. एक चांगला पॉवर्ड हब, त्याला चार-चार पोर्टचे कन्व्हर्टर, विषय संपला. सीरियल कार्ड शोधत फिरायचं हे वय आहे का?

---

खडूस_काका

अर्धवटराव, नाव सार्थ केलंत.

१९९३ साली सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत मी ईडीपी (संगणक) विभागात होतो. विभाग म्हणजे मी आणि एक पंखा. ४८६ मशीन, ८ एमबी रॅम, त्यावर एससीओ युनिक्स, आणि त्याला १४ डंब टर्मिनल (नुसता पडदा आणि कीबोर्ड, स्वतःचं डोकं नाही). काउंटरवरचे कारकून, पासिंग ऑफिसर, मॅनेजर, सगळे त्या एका डब्यावर. लायसन्स १६ जणांचं, कार्ड १६ पोर्टचं. त्या काळात इंटेलिजंट कार्ड ही चैन नव्हती, गरज होती. साध्या कार्डात प्रत्येक अक्षरासाठी सीपीयूला हाक जाते. सकाळी साडेदहाला सगळे एकदम बॅलन्स बघायला लागले की साध्या कार्डवर मशीन गुडघे टेकायचं. इंटेलिजंट कार्डावर ८०१८६ असायचा, तो अक्षरं गोळा करून गठ्ठ्याने द्यायचा. सीपीयू मोकळा.

तेव्हा दोरीवाला, घ्या ते कार्ड. असली वस्तू आता होत नाही.

---

बे_एके_बे

काकांचा मुद्दा आकड्यांत मांडतो, म्हणजे कुठे बरोबर आणि कुठे कालबाह्य ते दिसेल.

९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) ८-एन-१ (८ डेटा बिट, शिवाय एक स्टार्ट आणि एक स्टॉप) धरलं तर अक्षरामागे १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. ८० गुणिले २४ चा पडदा १९२० अक्षरांचा. एक पडदा रंगायला बरोबर २ सेकंद. (ज्यांनी बँकेत टर्मिनलसमोर वाट बघितली आहे त्यांना ही दोन सेकंदं पाठ असतील.)

१६ पोर्ट पूर्ण वेगाने ओकत असतील तर १५,३६० अक्षरं. ८२५० किंवा १६४५० ही सीरियल चिप असेल तर तितकेच इंटरप्ट (सीपीयूला हाका), कारण त्यांना फायफो, म्हणजे अक्षरं साठवायची रांग, नाही. ४८६ ला हे जड. १६५५०ए आली तिच्यात १६ बाइटचा फायफो, १४ वर ट्रिगर लावला (१४ अक्षरं साचली की हाक) तर तेच काम सुमारे ११०० इंटरप्टमध्ये.

आता उलट टोक: १६ पोर्ट, सगळे ११५२०० वर. १,८४,३२० अक्षरं, १४ ने भागा, १३ हजारांच्या आसपास. आजचा कुठलाही प्रोसेसर हे करताना जांभई देईल. त्यामुळे 'सीपीयू वाचवा' हे कारण आता उरलेलं नाही. फायफो मोठा हवा, पण तो वेगळ्या कारणासाठी. ११५२०० वर एक अक्षर ८७ मायक्रोसेकंदांत येतं. १६ पैकी १४ वर ट्रिगर म्हणजे उरली दोन घरं, म्हणजे कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) उत्तर द्यायला १७४ मायक्रोसेकंद. तेवढ्यात तो डिस्ककडे बघत बसला तर अक्षर सांडलं. १२८ किंवा २५६ बाइटचा फायफो असेल तर ही काळजीच नाही.

---

खडूस_काका

ही दोन सेकंदं पाठ आहेत. कुठल्याही ग्राहकाला विचारा, तो वीस मिनिटं सांगेल.

---

मावळतीकडे

काका, रागावू नका, पण ते कार्ड घेऊ नका असंच मी सांगेन. कार्ड वाईट म्हणून नाही. ड्रायव्हरसाठी, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी.

इंटेलिजंट कार्डावर बूट होताना फर्मवेअर (कार्डाचा स्वतःचा प्रोग्राम) चढवावं लागतं आणि त्याचा ड्रायव्हर पूर्ण वेगळा असतो. कंपनी गेली किंवा विकली गेली की ड्रायव्हर अनाथ. सायक्लेड्सचं उदाहरण घ्या. मूळची ब्राझीलची कंपनी, लिनक्सला फार लवकर आपलं म्हटलं, सायक्लोम-वाय कार्डं खूप चालली. २००६ मध्ये अ‍ॅव्होसेंटने ती घेतली आणि २०२१ मध्ये लिनक्स कर्नलमधून तो ड्रायव्हर काढूनच टाकला. स्टॅलियन, स्पेशलिक्स वगैरे कंपन्यांचे ड्रायव्हर तर त्याच्याही आधी गेले. भंगारातलं कार्ड चालवायचं म्हणजे जुनं कर्नल धरून बसायचं, आणि ज्या डब्यावर विद्यार्थी एसएसएचने येणार तिथे जुनं कर्नल ठेवणं मला पटत नाही.

याउलट साधं, 'मठ्ठ' कार्ड, ज्यावर १६५५० च्या घराण्यातली चिप आहे, ते ८२५० च्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालतं. तो ड्रायव्हर कोणी काढणार नाही, कारण अर्ध्या जगाचा कन्सोल त्यावर चालतो.

---

दोरीवाला

वा, भंगारवाला वाचला. म्हणजे मी वाचलो. मग मठ्ठ कार्डांत नेमकं काय बघायचं? दुकानदार फक्त 'आठ पोर्ट आहे, विंडोजला चालतं' एवढंच सांगतो.

---

चिपळूणचा_चिप

खोक्यावरचं नाव बघू नका, पाटीवरची (सर्किट बोर्डावरची) चिप बघा. एकाच नावाच्या खोक्यात दर वर्षी वेगळी चिप निघते. दुकानदाराला पाटीचा फोटो मागा, जवळून, तिरका न काढलेला.

पीसीआय एक्सप्रेससाठी एक्झारची एक्सआर१७व्ही३५८ ही आठ पोर्टची चिप, २५६ बाइट फायफो, लिनक्समध्ये ड्रायव्हर आधीच आहे. ऑक्सफर्ड सेमीकंडक्टरच्या घराण्यातली म्हणजे १६सी९५० वाली, १२८ बाइट फायफो, तीही उत्तम. मॉक्साची आठ पोर्टची साधी कार्डं एमएक्ससेर ड्रायव्हरवर चालतात. स्वस्तातल्या कार्डांवर डब्ल्यूसीएचच्या चिपा असतात. त्याही चालतात, फक्त घेण्याआधी तुमच्या कर्नलला तो नेमका नंबर माहीत आहे का हे पाहून घ्या.

आणखी एक, दोरीवाला, साधा पीसीआय स्लॉट ५ व्होल्टचा की ३.३ चा ते बघा. कार्डाला दोन खाचा असतील तर ते 'युनिव्हर्सल', दोन्हीकडे बसतं.

अवांतर: ज्यांना स्वदेशीचा अभिमान आहे त्यांच्यासाठी, सीरियल कार्डांवर आणि यूएसबी कन्व्हर्टरांत एके काळी हमखास दिसणाऱ्या मॉसचिपच्या चिपा म्हणजे हैदराबादची कंपनी. पुढे ती मालिका तैवानच्या एसिक्सकडे गेली.

---

निवांत_नाशिककर

आयआरक्यूबद्दल (इंटरप्टच्या रेषेबद्दल) कोणीच बोललं नाही! आमच्या वेळी कार्ड घेण्याचं अर्धं दुखणं तेच होतं. कॉम-१ ला ४, कॉम-२ ला ३, आणि आयसा बसवर (पीसीआयच्या आधीचे स्लॉट) दोन कार्डांनी एक आयआरक्यू वाटून घेतला की दोन्ही मुकी. डिप स्विच टाचणीने सरकवायचे, मशीन चालू, बंद, चालू. एका रात्री मी १६ पैकी १६ जोडण्या करून बघितल्या आणि शेवटी कळलं की साउंड कार्ड आडवं येतंय. युनिक्स सर्व्हरमध्ये साउंड कार्ड कोणी घातलं, हे आजपर्यंत कोणी कबूल केलेलं नाही.

---

चिपळूणचा_चिप

काळजी नको. आयसावर इंटरप्ट धारेवर (सिग्नल बदलण्याच्या क्षणावर) ओळखला जायचा, म्हणून एकाची धार दुसऱ्याच्या आवाजात हरवायची. पीसीआयवर तो पातळीवर ओळखतात. कोणीतरी रेषा दाबून धरली आहे तोवर कर्नल सगळ्यांना विचारत राहतो. त्यामुळे वाटून घेता येतो. एक्सप्रेसवर तर ती कटकटही नाही.

---

अर्धवट_अभियंता

एवढं पुराण ऐकूनही माझा प्रश्न तसाच आहे. ९६०० वर राउटरचा कन्सोल बघायला यूएसबीत वाईट काय?

---

बे_एके_बे

वेगात काहीच वाईट नाही. एफटीडीआयच्या यूएसबी-सीरियल चिपचा लेटन्सी टायमर (अक्षरं पुढे द्यायला थांबायची वेळ) मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो, माणसाच्या बोटांना ते कळतही नाही. तक्रार वेगळी आहे. मशीन परत चालू केलं की कोण यूएसबी-शून्य आणि कोण यूएसबी-सात, याचा भरवसा नाही. यूडेव्हचे (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणारा भाग) नियम लिहून चिपच्या अनुक्रमांकावरून कायमचं नाव देता येतं. पण पीएल२३०३ या दुसऱ्या चिपच्या स्वस्त नकलांत अनुक्रमांकच नसतो. मग कोणत्या भोकात खुपसलंय त्यावरून नाव द्यायचं, आणि झाडूवाल्या मावशींनी हब हलवला की पुन्हा गोंधळ.

आणि नकली चिपांचं सांगायचं तर २०१४ मध्ये एफटीडीआयने विंडोजसाठी असा ड्रायव्हर सोडला होता की नकली चिप दिसली की तिचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकायचा. उपकरण मेल्यासारखं. खूप आरडाओरडा झाला, मग मागे घेतला. तुम्ही लिनक्सवर आहात, पण कुठल्या मुलाने तोच कन्व्हर्टर आधी विंडोजला लावला असेल तर?

चार पोर्टची एफटी४२३२एच वापरून एखादा अस्सल कन्व्हर्टर घेतला तर मात्र माझी हरकत नाही. वीसही पोर्ट हबवर नकोत, एवढंच.

---

खडूस_काका

कार्ड, चिप, ड्रायव्हर, सगळं झालं. आता कोणीतरी केबलबद्दल बोला. माझी निम्मी नोकरी केबलमध्ये गेली.

आरएस-२३२ म्हणजे या सीरियल जोडणीच्या केबलची मर्यादा ५० फूट, म्हणजे १५ मीटर, असं कागदावर असायचं. आमचा कॅश काउंटर सर्व्हरपासून साठ मीटरवर, मधे स्ट्राँगरूमची भिंत. ९६०० वर बिनतक्रार चालायचं. नंतर कळलं की खरी मर्यादा लांबीची नसून केबलच्या कपॅसिटन्सची.

पण वळवाचा पाऊस आला की धडधड. दोन टोकांच्या अर्थिंगमध्ये फरक, वर कडाडली की एका झटक्यात चार पोर्ट गारद. कार्ड काढायचं, जळका १४८८ आयसी उपसायचा, नवा खोचायचा. सॉकेटवाले आयसी होते म्हणून बरं. दरवर्षी मे महिन्यात मी एक डझन आयसी आणून ठेवायचो, लोक आंबे आणतात तसे. शेवटी ऑप्टो-आयसोलेटर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे देऊन वीज अडवणारे) बसवले तेव्हा शांत झोप लागली.

उंदीर हा वेगळा धागा होईल.

---

गप्प_बसा

उंदरांचा धागा काढाच काका. तोही ते कुरतडतील.

---

निवांत_नाशिककर

काका, पासबुक प्रिंटर कसा जोडायचात? आमच्याकडे टर्मिनलच्या मागच्या ऑक्झिलरी पोर्टला.

---

खडूस_काका

तसाच. टर्मिनलला एस्केप सीक्वेन्स पाठवायचा, म्हणजे पुढची अक्षरं पडद्यावर न जाता प्रिंटरला. शेवटचा सीक्वेन्स वाटेत हरवला की मग टर्मिनल मुकं आणि कारकुनाचा सगळा कारभार पासबुकावर छापून यायचा. एका आजींच्या पासबुकात लॉगिन मेनू छापला होता. त्यांनी विचारलं, यात माझे किती?

---

मावळतीकडे

:) :)

काकांनी केबलचा विषय काढला म्हणून मीही एक भर घालते. आरजे-४५ असलेलं कार्ड मिळालं तर हुरळून जाऊ नका. प्लग तोच, पण कुठल्या पिनवर काय ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. डिजीच्या कार्डांवर तर दहा पिनांचा प्लग असतो. डेव्ह योस्ट यांनी १९८७ मध्ये एक पद्धत सुचवली होती. सगळीकडे एकच उलटीपालटी केबल वापरायची आणि फरक फक्त टोकाच्या अडॅप्टरमध्ये ठेवायचा. सिस्कोची निळी केबल त्याच कुळातली. तुम्ही २० डबे जोडताय, तर हीच पद्धत धरा. एक जातीची केबल, एका जातीचे अडॅप्टर.

दुसरं, ब्रेक, म्हणजे लाइन एका अक्षराहून जास्त वेळ एकाच पातळीवर अडकणं; पलीकडचं यंत्र त्याला 'थांब' समजतं. १५ वर्षांपूर्वी एका डेटा सेंटरमध्ये मी टर्मिनल सर्व्हरचा प्लग काढला. तो मेला, पण मरता मरता त्याच्या सगळ्या पोर्टांनी लाइन सोडून दिली, पलीकडच्या स्पार्क मशिनींना (सनचे युनिक्स सर्व्हर) तो ब्रेक वाटला, आणि आठच्या आठ सर्व्हर ओके प्रॉम्प्टवर (काम थांबवून आज्ञेची वाट बघत) येऊन स्वस्थ उभे राहिले. चालू व्यवहारात. चूक पूर्ण माझी, सोलारिसमध्ये (त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम) ब्रेकऐवजी दुसरा इशारा ठरवायची सोय होती, मी ती लावली नव्हती. तुमच्या राउटरांनाही पॉवर येताना पहिल्या मिनिटात ब्रेक मिळाला तर ते नेहमीसारखे सुरू न होता रॉमॉनमध्ये (दुरुस्तीच्या मोडमध्ये) जातात. वीज गेली, आली, सगळं एकदम चालू झालं, असं पुण्यात होतंच. कार्ड घेतल्यावर दहा वेळा मशीनची वीज घालवून बघा.

---

दोरीवाला

ताई, हे कुठल्याच दुकानदाराने सांगितलं नसतं. यूपीएसवर फक्त राउटर ठेवणार होतो, आता हा डबाही त्यावरच.

सॉफ्टवेअरचं सांगा. गेटी (लॉगिन विचारणारा प्रोग्राम) लावायचा ना प्रत्येक पोर्टवर?

---

निवांत_नाशिककर

नको!!! बाबा रे, नको!

गेटी टर्मिनलसाठी. समोर माणूस बसलेला असतो तिथे. राउटरच्या कन्सोलवर गेटी लावलास तर गेटी म्हणणार 'लॉगिन', राउटरला वाटणार कोणी कमांड दिली, तो म्हणणार 'अशी कमांड नाही', गेटीला वाटणार हे वापरकर्त्याचं नाव, तो विचारणार पासवर्ड. दोघे रात्रभर भांडतात आणि सकाळी लॉग फाइलने डिस्क भरलेली. मी केलंय. दोन बहिऱ्यांचा संसार.

---

चिपळूणचा_चिप

+१. दिशा उलटी आहे. काकांच्या बँकेत बाहेरून माणूस मशीनमध्ये यायचा, तुमच्याकडे मशीनमधून बाहेर जायचंय. कॉनसर्व्हर (कन्सोल वाटून देणारं सॉफ्टवेअर) बसवा. एकाच कन्सोलवर पाच जण बघू शकतात, लिहिणारा एकच, आणि सगळ्याची नोंद राहते. शिकवायला याहून चांगलं काय? नुसतं नेटवर्कवर पोर्ट उघडायचं असेल तर सेर२नेट.

फ्रीबीएसडी घेतलंत तर आत येणारं आणि बाहेर जाणारं यांची डिव्हाइस नावं वेगळी असतात. आत येणारं उघडलं तर ते कॅरियरची (पलीकडून येणाऱ्या 'मी आहे' या सिग्नलची) वाट बघत लटकतं. तीन तारांच्या केबलमध्ये कॅरियर कुठून येणार? लोक कार्ड खराब म्हणून परत करतात. बाहेर जाणारं घ्या. एससीओवरही पोर्टच्या नावात लहान 'ए' आणि मोठा 'ए' असा हाच भेद होता, काकांना आठवत असेल.

डेबियन घेतलंत तर दुसरा सापळा: कर्नल मुळात चारच ८२५० पोर्ट उभे करतं. आठ पोर्टचं कार्ड लावलं आणि पुरते पोर्ट दिसले नाहीत, तर बूटच्या ओळीत ती संख्या ३२ करा.

---

अर्धवट_अभियंता

चार पोर्टवर थांबतं हे मला माहीत नव्हतं. मी गेल्या वर्षी एक कार्ड याच कारणाने 'अर्धं जळालंय' म्हणून विकलं. :(

---

खडूस_काका

भंगारवाल्याला?

---

दोरीवाला

तीन आठवड्यांनी परत आलोय.

घेतलं ते असं. एक्सप्रेस स्लॉटमध्ये एक्झारवालं आठ पोर्टचं कार्ड, नवं. पीसीआयमध्ये १६सी९५० वालं आठ पोर्टचं, जुनं पण दोन खाचांचं. उरलेल्या चार स्विचसाठी एक अस्सल एफटीडीआयचा चार पोर्टचा कन्व्हर्टर, थेट मशीनला, हब नाही. अर्धवटरावांचाही मान राखला. डेबियन आणि कॉनसर्व्हर.

केबल बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळून आणली, अडॅप्टर मुलांकडूनच क्रिंप करून घेतले. बूटच्या ओळीत संख्या वाढवायला विसरलो होतो, वरचा प्रतिसाद आठवला म्हणून दहा मिनिटांत सुटलो. वीज घालवण्याची परीक्षा दहा नाही, चौदा वेळा केली. कार्डांवरचे राउटर शहाण्यासारखे वागले. यूएसबीवरच्या चारांपैकी एक स्विच दोनदा कचरा अक्षरं दाखवून मग सुधारला, त्याचं कारण अजून सापडलेलं नाही.

पोर्ट ५ मुका होता. दोन दिवस कार्डाला शिव्या घातल्या. माझ्याच हातचा अडॅप्टर निघाला, मुलांचे सगळे बरोबर.

एकच घोळ चालू आहे. कार्डाच्या केबलवर पोर्ट १ ते ८ छापलंय आणि युनिक्स शून्यापासून मोजतं. काल एका मुलीने 'राउटर ३' म्हणून रीलोड दिला आणि शेजारच्या गटाचा राउटर गेला. सेव्ह केलं नव्हतं.

---

खडूस_काका

आमच्याकडे पोर्ट शून्य मॅनेजरसाहेबांना दिला होता. त्यांना कधी सांगितलं नाही.